कमोड तुंबतो तुमचा आणि चौकशी आमच्या पोटाची?

"मॅडम, घरात कुणाला बद्धकोष्ठतेचा त्रास आहे का?"

हे मला शोरूमच्या मालकानं विचारलं. फोन स्पीकरवर होता, कारण माझ्या दोन्ही हातांत तो रबरी पंप होता आणि बाथरूमभर घाण पाणी. बाहेर खुर्चीत सासूबाई बसलेल्या. त्यांना स्वच्छ ऐकू गेलं. काही बोलल्या नाहीत, पदर सारखा केला आणि भिंतीकडे बघत राहिल्या. तेव्हा तळपायाची आग मस्तकात गेली, ती अजून उतरलेली नाही.

तक्रार काय केली होती मी? फ्लश केलं की पाणी खाली जायच्या ऐवजी काठापर्यंत वर येतं आणि मग सावकाश उतरतं, घाण तिथंच. यावर त्याचे प्रश्न ऐका. जेवणात पालेभाज्या कमी असतात का? कागद टाकता का? अरे, जेट स्प्रे तुझ्याच दुकानातून घेतलाय, कागद कशाला टाकू? पॅड टाकले का कुणी? घरात मी आणि सासूबाई, दोघींचंही ते वय मागं पडलंय, तरी हा प्रश्न विचारायची त्याला लाज वाटली नाही. आणि सगळं झाल्यावर सल्ला: "फ्लश केल्यावर वरनं एक बादली ओतत जावा, काय प्रॉब्लेम येत नाही."

बादली! ज्या बाईच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या मिरजेत बदलून आणल्या, जिला डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलं, तिच्यासाठी आम्ही चांगला चाललेला इंडियन संडास फोडून हा कमोड बसवला. वीस हजाराच्या घरात पैसे मोजले. आता तिनं एका हातात काठी धरून दुसऱ्या हातानं बादली उचलायची? हल्ली आई रात्री अर्धीच भाकरी खातात. विचारलं तर म्हणतात, भूक नाही गं. मला कळत नाही का? सकाळी तुंबलं तर सुनेला हात घालावा लागतो म्हणून म्हातारं माणूस पोटाला चिमटा काढतंय. या माणसाच्या थापेपायी.

आणि मी डोळे झाकून घेतलेला नाही हो. दुकानात सरळ विचारलं होतं, आतला ट्रॅप, म्हणजे भांड्यातनं घाण बाहेर जायची वळणाची वाट, किती एमएमचा आहे? तिथला पोरगा म्हणाला, सीट सॉफ्ट क्लोज आहे मॅडम. टाकीत पाणी किती? डिझाईन नवीन आहे, पुण्यात आता हेच चालतंय. मग मालक उठून आला, माझ्याकडं ढुंकूनही न बघता ह्यांच्याकडं वळला आणि म्हणाला, "साहेब, वन पीस सायफोनिक आहे, तुंबायचा विषयच नाही." प्रश्न मी विचारतेय, घासणार मी आहे, तुंबला तर पंप मारणार मी आहे, आणि उत्तर साहेबांना! नळ घ्यायला जा, टाइल घ्यायला जा, किचनचा ओटा ठरवायला जा, सगळीकडं हेच. साहेबांना कमोडचं झाकण कुठल्या बाजूनं उघडतं एवढंच माहीत असतं.

सायफोनिक म्हणजे काय हे त्या मालकानं सांगायला पाहिजे होतं. भांड्याच्या पोटात लांब, वळणाची आणि तुलनेनं अरुंद वाट असते. ती पाण्यानं पुरती भरली तरच ओढ लागते. त्यासाठी टाकीतलं पाणी भरपूर आणि एका दमात सुटावं लागतं. मग त्यावर तीन लिटरचं अर्धं बटण बसवता आणि वर पाणी वाचवा म्हणून स्टिकर लावता? अर्ध्या बटणात ओढच लागली नाही तर सगळं त्या वळणात जाऊन बसतं. त्यात आपलं बोअरचं पाणी. कृष्णाकाठची क्षारपड जमीन काय नवीन आहे का? बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तोच थर कमोडच्या काठाखालच्या बारीक भोकांत धरतो, धार मरते, की ओढ आणखी कमी. सांगलीत दुकान टाकून बसलेल्याला सांगलीचं पाणी माहीत नसेल?

साधा वॉश डाऊन कमोड पाण्याच्या धक्क्यानं पुढं ढकलतो. त्याचा ट्रॅप आखूड आणि रुंद. आवाज जास्त येतो, भांड्यात पाणी कमी उभं राहतं म्हणून डाग पडतात, रोज ब्रश मारावा लागतो. मारीन की! ब्रश मारायला माझी ना नाही. पण तो मॉडेल खालच्या फळीवर धूळ खात होता, कारण त्यात मार्जिन कमी.

मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात पोतं उघडून हळकुंड मोडून रंग बघितल्याशिवाय कुणी बोली लावत नाही. आणि कमोड? ओळीनं कोरडे ठणठणीत मांडलेले, एकालाही पाण्याचं कनेक्शन नाही. वरून लाइट सोडलेत. एक तरी मॉडेल चालू ठेवा, गिऱ्हाईकासमोर फ्लश करून दाखवा. तिकडं अमेरिका-कॅनडात 2003 पासून मॅप नावाची चाचणी करतात. सोयाबीनच्या मिसो पेस्टचे लांबट गोळे मोजून भांड्यात टाकतात, एकदा फ्लश करतात आणि किती ग्रॅम साफ गेलं तो आकडा मॉडेलच्या नावासकट जाहीर करतात. पाणी वाचवणारा म्हणून अमेरिकेतलं सरकारी वॉटरसेन्स लेबल हवं असेल तर 4.8 लिटरच्या आत 350 ग्रॅम गेलंच पाहिजे. हजार ग्रॅम नेणारी मॉडेलंही त्या यादीत आहेत. आपल्याकडं भांड्यावर आयएस 2556 या भारतीय मानकाचा शिक्का असतो, पण हा नेमका मॉडेल एका फ्लशमध्ये किती ओढतो, हे विचारलं की दुकानात सगळे छताकडं बघतात.

आणि प्लंबर! त्यांना तर मी सोडणारच नाही. रॅक बोल्ट मारून, खाली भांडं ड्रेनच्या पाइपाला जोडणारा कनेक्टर नीट घालून कमोड बसवायचा असतो. आमच्याकडं आलेल्यानं पांढरं सिमेंट कालवलं आणि चारी बाजूनं थापून मोकळा झाला. आता काढायचं म्हटलं तर भांडं फुटायची भीती. भिंतीपासून ड्रेनच्या मध्यापर्यंत 9 इंच आहे की 12, हे टाइल लावल्यानंतर मोजायचं असतं. ह्यानं टाइलच्या आधी मोजलं. मग जुळेना म्हणून वाकडा कनेक्टर घातला, त्याच्या पायरीवर सगळं अडकतं. सिमेंटचे गोळे पाइपात पडले, ते तसेच. खालच्या 110 एमएमच्या पाइपाला दर मीटरला अडीच सेंटीमीटर उतार द्या म्हटलं तर म्हणाला, "वहिनी, पाणी आपोआप वाट काढतंय." काढतंय, माझ्या बाथरूममध्ये!

माझं माहेर सांगलीच्या गावभागात, नदीकाठच्या जुन्या वस्तीत. 2019 च्या महापुरात पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी संडासातून वर आलं होतं. 2021 ला परत तेच. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर 40 फूट इशारा पातळी, 45 फूट धोका पातळी, हे आकडे आमच्या इथल्या शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवा म्हणून एका बिल्डरनं, एका प्लंबरनं, एका दुकानदारानं आपणहून कधी सांगितलंय? पूर ओसरला की मात्र नवीन कमोडवर डिस्काउंटचे बोर्ड लागतात.

तर आता मी हा काढणार. फुटला तर फुटू दे. वॉश डाऊनच घेणार, ट्रॅपच्या आतून ग्लेझ आहे का ते बोट घालून बघणार, टाकीतून पुरते सहा लिटर सुटतात का ते मोजणार, आणि तुंबला तर बदलून देऊ हे बिलावर लिहून सही घेतल्याशिवाय पैसे सोडणार नाही. त्या मालकाला मी फोनवरच सांगितलंय, आधी येऊन आईंची माफी माग, मग बाकीचं बोलू. अजून आलेला नाही. सांगली-मिरजेत पांढऱ्या सिमेंटला हात न लावता बोल्टवर कमोड बसवणारा आणि बायकांच्या प्रश्नाला बायकांकडं बघून उत्तर देणारा प्लंबर कुणाच्या माहितीत असेल तर मला कळवा. या आठवड्यातच पाहिजे.