रडका स्पायडरमॅन आणि माझी आत्या

आज सकाळीच डोकं फिरलं. पोहे खाता खाता भाचा मोबाइलवर 'स्पायडर-मॅन 2' बघत होता. फाइट नसलेला सीन आला की पठ्ठ्या बोटानं पुढे ढकलतोय. "मामा, हा टोबीवाला फार रडका आहे यार." टोबी मॅग्वायर, तेव्हाचा स्पायडरमॅन.

चिडलो, बोललो नको तेवढं. मग आठवलं, हेच वाक्य 2004 च्या पावसाळ्यात मी बोललो होतो.

तेव्हा नववीत होतो. आम्ही रामबागेतली चार पोरं, हिंदी डब सिनेमा, आणि सोबत आत्या, कारण एकट्यांना सोडायला आजोबा तयार नव्हते. तिकिटं तिनंच काढलेली. तरी मी मित्रांबरोबर पुढे बसलो, ती मागे एकटी. पार्टीचा सीन आठवा. भुकेला पीटर, म्हणजे मुखवटा काढलेला स्पायडरमॅन, ट्रेमधलं काही उचलायला जातो आणि दर वेळी दुसऱ्याचाच हात आधी पोचतो. आख्खं थिएटर हसत होतं. मागून आत्याचा खणखणीत आवाज, "अरे, त्या पोराला एक घास तरी मिळू द्या रे!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंटरव्हलला ती समोसे घेऊन आली तर मी धड वर बघितलंसुद्धा नाही. समोसा मात्र खाल्ला.

दुपारी पुन्हा बघितला, पूर्ण. काय बघितलं होतं मी तेव्हा? पिझ्झा 29 मिनिटांत पोचत नाही म्हणून पीटरची नोकरी जाते. भाडं थकलेलं. सूट लॉन्ड्रीत धुतो तर पांढऱ्या कपड्यांना रंग लागतो. (नंतरच्या सिनेमांतल्या स्पायडरमॅनला सूट टोनी स्टार्कनं, म्हणजे आयर्न मॅननं दिला. मजा आहे एकेकाची.) त्याला वाढवणाऱ्या मे आंटीचे घराचे हप्ते थकलेत, तरी वाढदिवसाला त्याच्या हातात वीस डॉलर कोंबते. तो नको म्हणतो तर अंगावर ओरडते, घे म्हणून, आणि स्वतःच रडायला लागते. पुढे बँकेत सांगते, आता पियानो शिकवते मी. कर्ज मिळत नाही.

तेव्हा मी व्हिलन ऑक्टोपस कधी येतो याची वाट बघत होतो. ऑक्टोपस!

आत्याही तेव्हा घरी शिकवण्या घ्यायची. पाच तिकिटं, पाच समोसे. हा हिशोब मी आज केला, वीसेक वर्षांनी.

ठीक आहे, तिसऱ्या भागातला तो नाच मलाही बघवत नाही. तिथे ढकला पुढे, माफ. पण त्याच भागात वाळूचा झालेला माणूस मुलीचा फोटो असलेलं लॉकेट उचलू पाहतो आणि हातच ढासळतो. तिथे कोणी पुढे ढकलत असेल तर आपलं जमणार नाही, आत्ताच अनफ्रेंड करा.

भाच्याला काय बोलणार? तो निदान स्वतःच्या खोलीत बसून बोलला. मी तिच्या पैशाचा समोसा खाऊन, तिला ऐकू जाईल असं बोललो होतो.

संध्याकाळी आत्याला फोन लावला. सिनेमा आठवतो का विचारलं. तिला आठवत होतं ते एवढंच, की डोक्यावरचा पंखा बंद होता. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तो उपाशी पोरगा ना? लागला का मग कुठे?"

म्हटलं, पेपरला फोटो विकतो.

"म्हणजे पक्की नाहीच."