लुगड्याला माप नसते

गुढीपाडव्याची शोभायात्रा जवळ आली की डोंबिवलीहून बहिणीचा फोन येतो आणि दरवर्षीचा वाद पुन्हा निघतो: शिवलेली नऊवारी ही परंपरेची विटंबना आहे, की नोकरी-संसार सांभाळणाऱ्या बाईची रास्त सोय? न्यू जर्सीत बसून मी हा वाद ऐकते तेव्हा मला वाटते की त्याचे निम्मे उत्तर मराठीने आधीच देऊन ठेवले आहे. साडी आपण नेसतो, झगा घालतो. आणि शिवलेली नऊवारीही आपण घालतोच. नेसण्यात कापडाला आकार देणारे शरीर असते, तर घालण्यात तो आकार शिंप्याने आधीच ठरवलेला असतो.

हा भेद मला खऱ्या अर्थाने उमगला तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात. तिथला वेशभूषा विभाग १९३७ मध्ये स्वतंत्र संग्रहालय म्हणून सुरू झाला आणि १९४६ मध्ये मेट्रोपॉलिटनमध्ये विलीन झाला. तिथली वस्त्रे अप्रतिम आहेत, पण ती पुतळ्यांच्या अंगावर असतात, आणि ते योग्यच आहे. १९६२ मध्ये मेरिलिन मन्रोने घातलेला पोशाख २०२२ च्या मेट गालाला, म्हणजे या विभागासाठी निधी उभारणाऱ्या वार्षिक सोहळ्याला, किम कार्दशियनने अंगावर चढवला, तेव्हा ऐतिहासिक वस्त्रे कुणीही घालू नयेत, असे संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने बजावले होते. आता याच विभागाने २०२६ साठी ‘कॉस्च्युम आर्ट’ हे प्रदर्शन जाहीर केले, त्यात वस्त्राइतकेच महत्त्व शरीराला दिले, आणि गर्भवती व वृद्ध शरीरांचाही स्वतंत्र विचार केला, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

कारण लुगड्याने हा विचार फार पूर्वी केलेला आहे. बाजारात ‘पेशवाई’, ‘मस्तानी’ अशा नावांनी मिळणाऱ्या तयार नऊवारीला माप असते. लुगड्याला ते नसते. तेच नऊ वार सोळाव्या वर्षी, बाळंतपणानंतर आणि सत्तरीतही नेसता येतात, आणि विरल्यावर त्याची गोधडी होते. मोटारसायकलवरून शोभायात्रेत जाणाऱ्या मुलीने शिवलेली नऊवारी घातली तर तिला नावे ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र नेसण्याची कला हातांत असते. ती कोणत्याही काचेच्या कपाटात जपता येणार नाही. म्हणून पाडव्याआधी टीका करण्यात जाणारा वेळ शिकवण्यात जावा, एवढाच माझा आग्रह आहे.

गेल्या पाडव्याला आमच्या मंडळाचा कार्यक्रम इथल्या एका शाळेच्या सभागृहात होता. भाचीला सातवा महिना लागलेला होता आणि आदल्या वर्षी पुण्याहून मागवलेली तयार नऊवारी तिला कमरेवर येईना. ती रडवेली झाली. तेव्हा पाहुणी म्हणून आलेल्या मावशीने बॅगेतून आपले सुती इरकल काढले, गाठ पोटाच्या खाली मारली, निऱ्या जरा सैल ठेवल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि शेवटी मागे काष्टा खोचला. आरशात बघायला निघालेल्या भाचीला तिने थांबवले आणि म्हणाली, “आधी चालून दाखव.” भाची सभागृहाच्या टोकापर्यंत जाऊन परत आली. मावशीने तिची चाल नीट पाहिली, खाली वाकून काष्टा दोन बोटे सैल केला आणि तिला पुन्हा चालायला सांगितले.