टी पेशी मेद ओळखतात ते कसे : एका आक्षेपाला उत्तर

सविनय नमस्कार. टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, आणि एमएचसी म्हणजे त्यांच्यापुढे प्रथिनांचे तुकडे मांडणारे पेशींच्या पृष्ठभागावरचे रेणू. 'टी पेशींना फक्त एमएचसी रेणूवर बसवलेले प्रथिनांचे तुकडे ओळखता येतात. जिवाणूंचे मेद ओळखल्याचे दावे म्हणजे नमुन्यात राहून गेलेल्या प्रथिनांची करामत आहे,' असे आपण लिहिले आहे. यातला पूर्वार्ध बहुसंख्य टी पेशींना लागू पडतो, उत्तरार्ध मात्र प्रयोगांपुढे टिकत नाही.

१९९४ मध्ये क्षयाच्या जिवाणूतला जो घटक विशिष्ट टी पेशींना चेतवत होता, तो सेंद्रिय द्रावकात उतरला (प्रथिने सहसा त्यात उतरत नाहीत) आणि शुद्ध केल्यावर मायकोलिक आम्ल, म्हणजे त्या जिवाणूच्या भिंतीतले लांबलचक मेदाम्ल, निघाला. एवढ्याने शंका फिटत नसेल, तर १९९७ चे काम पाहावे. ग्लुकोज जोडलेले मायकोलेट (मायकोलिक आम्लाचेच रूप) ओळखणाऱ्या टी पेशी, ग्लुकोजऐवजी मॅनोज किंवा गॅलॅक्टोज जोडताच गप्प बसल्या. या शर्करांत फरक असतो तो एकाच हायड्रॉक्सिल गटाच्या दिशेचा. भेसळीतल्या प्रथिनाने एवढा काटेकोर भेद का करावा?

हे शक्य होते ते सीडी१ रेणूंमुळे. एमएचसी प्रथिनांचे तुकडे मांडतात, तसे हे रेणू टी पेशींपुढे मेद मांडतात; ए, बी, सी, डी हे त्यांचे प्रकार. २००२ मध्ये सीडी१बीची रचना उलगडली, तेव्हा त्याच्या आत एकमेकींना जोडलेल्या चार पाणीविरोधी पोकळ्या आढळल्या. मायकोलिक आम्लात साधारण ६० ते ९० कार्बन अणू असतात, आपल्या नेहमीच्या मेदाम्लांत १६-१८. एवढे लांबलचक शेपूट त्या पोकळ्यांत मुरडून बसते आणि शर्करेचे डोके तेवढे बाहेर राहते. टी पेशीचा ग्राही (ओळख पटवणारा तिच्या पृष्ठभागावरचा रेणू) त्या डोक्याला आणि भोवतालच्या सीडी१बीच्या पृष्ठभागाला एकत्रच स्पर्श करतो. म्हणून शेपटाची लांबी थोडी बदललेली चालते, डोके बदललेले चालत नाही. गंमत अशी की संसर्गात हे ग्लुकोज जिवाणू यजमानाकडूनच उचलतो. परके असते ते मायकोलेट.

'मग पाठ्यपुस्तकांत याचा उल्लेख ओझरता का?' हा आपला दुसरा प्रश्न. माझ्या मते त्याचे एक मोठे कारण उंदीर आहे. प्रतिकारशास्त्राचा बराचसा पाया उंदरांवरच रचला गेला, आणि त्यांच्याकडे सीडी१डी असले तरी सीडी१ए, बी आणि सी ही जनुके नाहीत. साहजिकच मायकोलेट ओळखणाऱ्या या पेशी त्यांच्यात सापडणे शक्यच नव्हते. त्यासाठी गिनिपिग किंवा मानवी सीडी१ जनुके घातलेले उंदीरच वापरावे लागतात.