"रिकामटेकडा" म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

नमस्कार,

प्रत्येकाचं ऐकून घ्यावं, प्रत्येक माणसाला किंमत द्यावी या माझ्या लेखावर तुम्ही काल रात्री लिहिलंत. दोनदा वाचलं. तुमचं म्हणणं असं की जाणकार आणि अडाणी दोघांना सारखाच भाव दिला तर एक निर्णय होणार नाही, खोटं बोलणाऱ्यांचं फावेल, आणि शेवटी "प्रत्येकाचं ऐकत बसणं ही रिकामटेकड्यांची चैन आहे" हे वाक्य. खाली नाव नाही, नुसतं "एक वाचक". असो.

आधी माझी चूक. स्वातंत्र्यलढ्यातल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांच्या फाशीचं साल मी १९३० लिहिलं होतं. १९३० ला सोलापुरात मार्शल लॉ लागला, फाशी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झाली. दुरुस्त केलंय, धन्यवाद. पण साल तपासताना नावंही वाचली असती तर बरं झालं असतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. या गावात कोण कोण राहतं ते त्या चार नावांत दिसतं की.

आता ती "चैन".

मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी. वडील मागावर, अम्मा विड्या वळायची. पान-तंबाखू कारखान्यातून घरी आणायचं, पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचं आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजार विड्या वळायच्या. पान फाटकं निघालं की हजाराला पुरायचं नाही, मग पदरच्या पैशाने विकत आणायचं, वर कारखान्यात छाट म्हणून ज्या विड्या बाजूला काढायचे त्यांचे पैसे गेले ते वेगळंच. मी चौथीत असेन, अम्मा कारखान्याच्या खिडकीशी उभं राहून सांगायली होती की पानच खराब आलंय, तेलुगूत, कारण मराठी तिला धड येत नव्हतं, आणि आतला माणूस मान वर न करता म्हणाला, मराठीत बोल नाहीतर सरक बाजूला. मला मराठी येत होतं. मी पण गप्प राहिलो. ते अजून पोटात आहे माझ्या.

पुढं काही महिन्यांनी नवा चेकर आला. तेलुगू त्यालाही येत नव्हतं. त्याने अम्माच्या हातातलं पान घेतलं, उजेडाकडे धरलं, भोकंच भोकं, चाळणीसारखं. मग मला विचारलं, काय म्हणतीय रे आई? मी सांगितलं. पुडकं बदलून मिळालं. मागे दारापर्यंत रांग होती आणि दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. तो माणूस रिकामटेकडा होता का? सांगा की.

मी स्वतः २९ वर्षं टॉवेलच्या कारखान्यात बारा तासांची पाळी केली. मागाच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेत, तरी कुणी बोलायला लागलं की जवळ सरकून ऐकतो. मला चैन शिकवू नका.

मतभेदाचा राग नाही, सुराचा आहे. "अडाणी" हा शब्द तुम्ही तीन वेळा वापरलाय, मोजलं मी. ज्याचं तुम्ही ऐकलंच नाही तो अडाणी आहे हे तुम्हाला कळलं कसं? एवढं तरी लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं होतं.

निर्णय कसे होणार, खोटारड्यांचं काय, यावर मला फार बोलायचं नाही. ऐकून घेणं म्हणजे मान डोलावणं नव्हे हे लेखात आहे, नीट वाचा.

अम्मा आता थकलीय. लेख तिला तेलुगूत सांगितला होता, लोक काय म्हणाले म्हणून ती सकाळपासून दोनदा विचारून गेली. तुमचं सोडून बाकी सगळ्यांचं सांगितलं. परत लिहायचं असेल तर जरूर लिहा, पण नाव टाकून लिहा.