ट्रेनवर ट्रक चढवणं 1999 ला सुरू झालेलं नाही, तो फोटो तरी नीट बघा

भाच्याने शाळेच्या प्रोजेक्टला रोरोचं, म्हणजे ट्रेनवर ट्रक न्यायच्या सेवेचं, मॉडेल केलं आणि खाली चिठ्ठी चिकटवली, 'जगात पहिल्यांदा, कोकण रेल्वे, 1999'. कुठून काढलंस विचारलं तर म्हणे, मामा, फॅमिली ग्रुपवर आलंय. तोच फॉरवर्ड, की ट्रेनवर ट्रक न्यायची कल्पना कोकण रेल्वेची, अमेरिकेने ती नंतर उचलली, डिझेल वाचतं, आणि पुरावा म्हणून एक फोटो.

आधी फोटोच घ्या, झूम करून बघा. लांबलचक सपाट वॅगनवर दोन ट्रेलर आहेत, पुढे केबिन नाही, ड्रायव्हर नाही. ट्रेलरचं तोंड वॅगनवरच्या लोखंडी स्टँडवर टेकलंय, त्याची किंगपिन, म्हणजे केबिनला जोडायची खालची खुंटी, तिथे लॉक होते. ही अमेरिकन पिगीबॅक आहे हो, नुसता ट्रेलर वॅगनवर न्यायची पद्धत! आपल्या कोकण रेल्वेच्या कोलाड-वेर्णा रोरोत अख्खा ट्रक चढतो, ड्रायव्हर-क्लीनरसकट. माझ्याकडे 1:87 स्केलची 85 फुटी मॉडेल वॅगन आहे, जेमतेम 30 सेंटिमीटर, तिच्यावर 40 फुटी दोन ट्रेलर, 14-14 सेंटिमीटरचे, बरोब्बर बसतात. ती फोटोशेजारी ठेवली तेव्हा पोराला एका नजरेत कळलं.

आता अमेरिकेने उचललं म्हणे. 1954 ला तिथल्या आंतरराज्य वाणिज्य आयोगाने निकाल दिला की रेल्वे स्वतःचे ट्रेलर स्वतःच्या वॅगनवर नेत असेल तर तिला ट्रकवाल्यांचा परवाना लागत नाही. एवढा कीस पाडायची वेळ आली म्हणजे धंदा आधीपासून चालू होता ना? शिकागोकडच्या नॉर्थ शोअर लाइनने 1926 लाच ट्रेलर न्यायला घेतले होते, आणि निकालाच्या पुढच्याच वर्षी, 1955 ला, पेनसिल्व्हेनिया रेलरोड वगैरेंनी मिळून खास ह्या वॅगनसाठी ट्रेलर ट्रेन नावाची कंपनीच काढली. टोकाला रॅम्प लावून एकामागून एक गाड्या चढवायच्या ह्याला तिथे 'सर्कस लोडिंग' म्हणतात, कारण सर्कसवाले 19व्या शतकातच आपले गाडे असे चढवायचे.

डिझेल वाचतं, ते खरंय. आणि भारतात पहिली कोकण रेल्वेच, 26 जानेवारी 1999, हेही मान्य करतो, पण 'भारतात' आणि 'जगात' ह्यात फरक आहे. ट्रकवाल्याचा घाटरस्ता वाचवला हे कोकण रेल्वेचं खरं काम, ते सोडून खोटा मान कशाला चिकटवायचा?

त्या फोटोवरून बघून केल्यामुळे भाच्याच्या ट्रकला केबिनच नव्हती. चिठ्ठी बदलली, 'भारतात पहिल्यांदा, कोलाड ते वेर्णा', आणि आत्ता तो पुठ्ठ्याची केबिन कापत बसलाय.