पोटाचं न ऐकणारं मूल कसं घडवावं

मूल जन्मतःच एक वाईट खोड घेऊन येतं. भूक लागली की रडतं आणि पोट भरलं की तोंड फिरवतं. वेळीच मोडली नाही तर ही खोड आयुष्यभर टिकते.

सुरुवात पहिल्या वाढदिवसानंतर करा. पहिल्या वर्षात वजन जवळपास तिप्पट होतं. दोन वर्षांनंतर ते वर्षाला जेमतेम २ किलो वाढतं, त्यामुळे भूक मंदावते. हे गणित डोक्यात येऊ देऊ नका. ‘काही खातच नाही’ असा घोष करत घास घेऊन मागे धावा. वयाच्या दर वर्षामागे एका पदार्थाचा एक मोठा चमचा वाढावा, हवं तर ते पुन्हा मागेल, असा ढोबळ अंदाज आहारतज्ज्ञ सांगतात. तुम्ही मोठ्यांएवढं वाढा आणि संपल्याशिवाय उठू देऊ नका. जेवणाखाण्यात अडीच-तीन तासांचं अंतर पडलं तर खरी भूक लागायची, म्हणून मधे बिस्किटं चालू ठेवा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या बरंच वर न्या: जेवण मागे पडतं, लोहही कमी पडतं, आणि ‘अशक्त आहे’ या तक्रारीला आयता आधार मिळतो.

नवी भाजी मुलाला पटायला ८ ते १५ वेळा चाखावी लागू शकते. एवढा वेळ कुणाला आहे? दुसऱ्या नकारालाच ‘याला आवडतच नाही’ असं जाहीर करा, शक्यतो पाहुण्यांसमोर आणि मूल ऐकत असताना. मुलं अशा वेळी मोठ्यांचा शब्द खाली पडू देत नाहीत. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ हा सौदाही चांगला. भाजी ही सक्तमजुरी आणि चॉकलेट ही सुटका, हे एका वाक्यात शिकवून होतं. नाहीतर चॉकलेट दिसेल असं ठेवा आणि हात लावायला बंदी करा. लीअन बर्च आणि जेनिफर फिशर या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं होतं, की डोळ्यांसमोरच्या खाऊला मज्जाव केला की मुलांचं लक्ष त्यावरच खिळतं. बंदी उठेल तेव्हा मजा बघा.

बोलण्याचं मात्र मनावर घ्या, कारण खरं काम तिथेच होतं. गाजर चांगलं, केक वाईट, असं सांगत राहा. चार वर्षांचं मूल शब्दशः विचार करतं. वाईट पदार्थ खाल्ला म्हणजे मी वाईट, हा निष्कर्ष ते स्वतःच काढेल. ‘गाजर कसं कुरकुरीत लागतंय!’ किंवा ‘पोटात अजून जागा आहे का?’ असली फुळकट वाक्यं टाळा, त्यांतून मूल चवीचा आणि पोटाचा विचार करू लागतं. त्यापेक्षा कोलेस्टेरॉल समजावून सांगा.

रस्त्यात त्याने मोठ्याने विचारलं, ‘त्या काकू एवढ्या जाड का?’ तर तोंड दाबा आणि ‘शू!’ म्हणा. जाड असणं लाजिरवाणं असतं, ही गोष्ट यापेक्षा झटपट शिकवता येत नाही. ‘माणसं वेगवेगळ्या आकारांची असतात’ एवढंच म्हणून पुढे चालू लागलात तर विषय तिथेच संपेल.

आरसा घरचाच वापरा. त्यासमोर रोज स्वतःच्या पोटाला चिमटा काढा आणि ‘आज केक खाल्ला, उद्या दुप्पट पळावं लागणार’ असं ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणा. पाच-सहा वर्षांची मुलंही स्वतःच्या अंगावर नाराज होऊ शकतात, नमुना समोर हवा. पुढे वयात येताना उंची वाढण्याआधी पुष्कळ मुलांची पोटं थोडी सुटतात. तो मुहूर्त साधून ‘गोलू’ म्हणायला लागा. कुणी वर्गात चिडवलं तर नेमकं काय म्हणाले ते विचारू नका, शिक्षकांशी तर बोलूच नका. ‘मग कमी खा’ एवढं पुरे.

वाढीचा तक्ता हातात आलाच, तर आधीच्या नोंदींशी रेष जुळवून बघू नका, फक्त शेजारच्या मुलाचं वजन विचारा. आणि वजनाची काळजी वाटली तर डॉक्टरांना एकट्याने गाठू नका. मुलाला मांडीवर बसवून विचारा, म्हणजे घरी जाऊन वेगळं सांगायला नको.