अंतूशेटला त्यातनं मिळायचं काय?

काल संध्याकाळी मारुती मंदिराजवळ नेहमीची टाळकी जमली होती आणि लाइट गेली. रत्नागिरीत लाइट गेली की तक्रार नोंदवायच्या आधी कोणतरी पुलंच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तल्या अंतू बर्व्याला बाहेर काढतोच. काल तो मान सुहासचा.

सुहास हल्ली मोबाइलवर मानसशास्त्राचे व्हिडिओ बघतो, तेव्हापासून त्याच्या आसपास कुणाला साधी सर्दी होत नाही, ट्रॉमा होतो.

"अंतूने घरात वीज घेतली नाही हा डिफेन्स मेकॅनिझम आहे. बदलाची भीती. लहानपणी काहीतरी घडलं असणार."

"लहानपणी तू होतास काय तिथे?" नाना म्हणाले. नाना एसटीतले रिटायर्ड कंडक्टर, माणूस पायरीवर पाय ठेवतो तेव्हाच ओळखतात. "त्याला काय झालं होतं ते सोड, त्यातनं मिळतं काय ते बघ. उजेड आला तर गळकी कौलं आणि पोपडे दिसणार, हे तो स्वतःच सांगतो ना? पण असं सांगतो की ऐकणारा हसतो. आणि हसलेला माणूस मदतीला खिशात हात घालत नाही. गरिबी सांगून पण झाली आणि कुणाची कीव पण घ्यायला लागली नाही."

मला तर एकदम पटलं. 1965 साली साहित्य अकादमी मिळालेलं पुस्तक, आमच्या आधीच्या पिढीला पाठ, पण त्या खिशातल्या हातापर्यंत आमच्यातलं कोण गेलंच नव्हतं.

पक्याला अर्थातच नाही पटलं. "पुलंनी एवढा विचार केला असेल? लोकांनी हसावं म्हणून लिहिलं, विषय संपला. आता 'रात्रीस खेळ चाले' मालिकेतला पांडू घ्या. सारखं इसरलंय, इसरलंय. त्याच्यात कसलं आलंय मोटिव्ह?"

"अरे मेल्या, घरात अण्णा नाईकासारखा जुलमी मालक!" नाना म्हणाले. "तिथे लक्षात ठेवणारा साक्षीला उभा राहतो. ज्याला काय आठवतच नाय त्याला कोण कशाला विचारील?"

"म्हणजे नाटक?"

"नाटक कुठे संपतं आणि सवय कुठे लागते, हे त्याला तरी कळत असेल काय?"

"मग हापूसच्या दोन पेट्यांचे माझे पैसे आठवत नाहीत तो बंड्या पण पांडूच," पक्या म्हणाला. झालं, बंड्या उसळला, त्याने पक्याने फायनलला दिलेला नो-बॉल काढला, मग त्या नो-बॉलवर दहा मिनिटं, त्यात पक्याच्या अंपायर मेहुण्याचा पण उद्धार झाला. तेवढ्यात सुहास शेरलॉक होम्स घेऊन आलाच, हातात केस नसली की तो कोकेन टोचून घ्यायचा, सात टक्क्यांचं सोल्यूशन, म्हणजे बघा आतला एम्प्टीनेस वगैरे.

"त्याला रिकामं बसवत नाही," नाना म्हणाले, "आपल्या पक्याचं नेमकं उलट."

शेवटी मीच नानांना विचारलं, मग अंतू आतून चांगला होता म्हणायचा का?

"खवचटच होता. कारण कळलं म्हणून टोचायचं थांबतं काय? पण विलायतेला जाणाऱ्याला टोमणे मारून झाल्यावर कोहिनूर तेवढा बघून या म्हणतो ना, ते बघ. आणि बायको गेल्याचं सांगताना पण बोलतो कशावर, तर आंब्यावर. ती गेल्यापासून दारातला हापूस मोहरला नाही म्हणे. स्वतः रडत नाही शिंचा, झाडाकडून करून घेतो."

कोणच काय बोललं नाही. मग सुहास हळूच म्हणाला, "प्रोजेक्शन."

असे हसलो की टपरीवाला मेणबत्ती घेऊन बघायला आला. "सुहास, प्रत्येक गोष्टीला इंग्लिश नाव ठेवून तुला काय मिळतं रे?" पक्याने विचारलं, तर बंड्या म्हणाला, "बिल येईपर्यंत बोलत राहायला मिळतं."

सुहासला ते इतकं लागलं की त्याने तिरमिरीत सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकले. मग अर्थातच आम्ही भजी पण सांगितली.